पैलतीरावरचे भाऊसाहेब

आमच्या आरोंद्यात तेरेखोलच्या काठावर उभे राहिले की समोर गोवा दिसतो. पलीकडचे माड आणि अलीकडचे माड यांत परक्या माणसाला काही फरक कळणार नाही. आम्हाला मात्र तो लहानपणापासून ठाऊक असतो. पलीकडच्या गाड्यांची नंबरपाटी वेगळी, पेट्रोलचा भाव वेगळा, सरकार वेगळे. त्याच पलीकडच्या पेडण्यात १२ मार्च १९११ रोजी जन्मलेल्या एका माणसाने ही मधली रेघच पुसून टाकण्याचा ध्यास घेतला होता. ते म्हणजे गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बाळकृष्ण बांदोडकर, सर्वांचे भाऊसाहेब. त्यांना त्यात यश आले नाही. तरीही त्यांचे चरित्र मला आमच्या गावाच्या गोष्टीसारखेच वाटते, म्हणून हा लेखनप्रपंच.

एके काळी नदीचे दोन्ही काठ एकाच राज्यात होते. पेडणे महाल सावंतवाडीकर भोसल्यांचा. १७८८ साली तो पोर्तुगीजांकडे गेला आणि तेरेखोल ही दोन सत्तांची सीमा झाली. सीमा कागदावर पडली, पण सोयरिकी, जत्रा, देवांचे कौल आणि दशावताराची नाटके पूर्वीसारखीच इकडून तिकडे जात राहिली. भाऊसाहेब जन्मले तेव्हा आमच्याकडे इंग्रजांची छत्रछाया होती, तिकडे पोर्तुगीजांचा अंमल. भाषा एक, देव एक, पण नाणे निराळे आणि कचेरीतली भाषाही निराळी!

भाऊसाहेबांचे बालपण हलाखीत गेले. ते बहुजन समाजातले. जमीनदारी नाही, मोठ्या घराण्याचे नाव नाही. लहानमोठे धंदे करीत ते वर चढले आणि पुढे लोहखनिजाच्या खाणींच्या व्यवसायात त्यांनी अमाप पैसा मिळवला. परंतु गरिबीची आठवण त्यांनी पुसू दिली नाही. शाळा, देवालये, शिकणारी मुले, अडलेली माणसे यांना त्यांचा हात सदैव मोकळा असे. राजकारणात येण्याआधीच त्यांचे नाव खेड्यापाड्यांत पोहोचले होते ते या दातृत्वामुळे.

भारत स्वतंत्र झाला तरी गोवा पारतंत्र्यातच राहिला. १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी आमच्या शेजारच्या तेरेखोल किल्ल्यावर तिरंगा फडकवला. पुढच्या वर्षी त्याच दिवशी गोव्याच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्यानंतर भारत सरकारने सीमा बंद केली. माझी आजी तेव्हा नऊ-दहा वर्षांची होती. तिच्या आत्याला पेडण्यात दिलेली. नदीच्या पलीकडे दिसणाऱ्या मुलखात आत्या होती, पण तिच्या घरच्या लग्नाला आमच्याकडून कोणी जाऊ शकले नाही. दोन देशांमधली सीमा म्हणजे काय, हे मी राज्यशास्त्राच्या पुस्तकात नंतर वाचले. आजीकडून ते आधीच कळले होते.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. १९६३ साली महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष उभा राहिला आणि भाऊसाहेब त्याचे सर्वेसर्वा झाले. गोवा महाराष्ट्रात विलीन करावा, हा त्या पक्षाचा मूळ हेतू. डिसेंबरमध्ये झालेल्या पहिल्या निवडणुकीत त्यांचा पक्ष सर्वांत मोठा ठरला आणि भाऊसाहेब मुख्यमंत्री झाले. १९६५ साली गोवा विधानसभेने विलीनीकरणाचा ठरावही संमत केला.

हे विलीनीकरण सामान्य माणसाला का हवे होते? भाटकाराच्या जमिनीत राबणाऱ्या कुळाला वाटे की, महाराष्ट्रात गेलो तर तिथले कूळकायदे आपल्याला लागू होतील, मराठी शिकलेल्या मुलाला नोकरी मिळेल. आणि ज्यांना ते नको होते, त्यांच्या मनात काय होते? एवढ्या मोठ्या राज्यात आपण चिमूटभर माणसे विरघळून जाऊ, आपली कोंकणी मागे पडेल, मुंबईतले सरकार आपल्याकडे कशाला पाहील? दारूबंदीचीही धास्ती होती. डॉ. जॅक सिकेरा हे या बाजूचे पुढारी. विधानसभेच्या बहुमताने नव्हे, तर प्रत्येक मतदाराला विचारून निर्णय व्हावा, असा त्यांचा आग्रह होता. लहानपणी मला ही माणसे आमची शत्रू वाटत. आता तसे वाटत नाही. भीती दोन्हीकडे होती, आणि दोन्हीकडची भीती गरिबाचीच होती.

अखेर संसदेने जनमत कौलाचा कायदा केला. कौल निःपक्षपाती व्हावा, म्हणून डिसेंबर १९६६ मध्ये भाऊसाहेबांनी मुख्यमंत्रिपद सोडले. १६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. विलीनीकरणासाठी फूल आणि केंद्रशासित राहण्यासाठी दोन पाने, अशी चिन्हे होती. फुलाला १,३८,१७० मते पडली, दोन पानांना १,७२,१९१. ३४,०२१ मतांनी भाऊसाहेबांचे स्वप्न हरले. त्यांच्या पेडण्याने मात्र फुलालाच साथ दिली.

या चरित्रातला मला सर्वांत मोठा वाटणारा प्रसंग यानंतरचा आहे. दुसरा कोणी असता तर रुसून बसला असता, अथवा लोकांना दोष देत फिरला असता. भाऊसाहेब पुन्हा लोकांपुढे गेले. दोनच महिन्यांनी, मार्च १९६७ मध्ये निवडणूक झाली आणि ज्या गोव्याने विलीनीकरण नाकारले होते, त्याच गोव्याने त्यांच्या पक्षाला पुन्हा सत्ता दिली! लोकांना त्यांची रेघ पुसण्याची कल्पना पटली नव्हती, पण माणूस पटला होता. का पटला, याचे उत्तर त्यांच्या कामात आहे. खेड्याखेड्यांत प्राथमिक शाळा निघाल्या. १९६४ च्या कूळकायद्याने कुळाला जमिनीवरून हुसकावणे अवघड झाले. १९७० साली कला अकादमी स्थापन झाली. ज्या गोष्टींसाठी कुळाला महाराष्ट्रात जायचे होते, त्यांतल्या कितीतरी गोष्टी भाऊसाहेबांनी त्याला त्याच्या दारात आणून दिल्या. १२ ऑगस्ट १९७३ रोजी मुख्यमंत्रिपदावर असतानाच त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या कन्या शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. कूळकायद्याची पुढची दुरुस्ती १९७६ साली त्यांच्याच कारकिर्दीत झाली. ३० मे १९८७ रोजी गोवा स्वतंत्र घटकराज्य झाले.

आता थोडे अलीकडच्या काठाविषयी. १९६७ च्या कौलात आरोंद्याच्या एकाही माणसाला मत नव्हते. आम्ही आधीच महाराष्ट्रात होतो, तेव्हा आम्हाला विचारण्याचे कारणच नव्हते. परंतु रेघेला दोन बाजू असतात. माझे बाबा रोज पलीकडे कामाला जातात. आमच्या भागातली कितीतरी माणसे तशीच जातात. २०१८ साली गोव्याच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लागू झाले, तेव्हा आपल्या जिल्ह्यात केवढी खळबळ उडाली! दोडामार्गातून तर, आम्हालाच गोव्यात घ्या, अशी मागणी पुढे आली. एके काळी पेडण्याला इकडे यायचे होते. पन्नास वर्षांनी दोडामार्गाला तिकडे जावेसे वाटले. २०२० च्या टाळेबंदीत सीमा बंद झाली तेव्हा आजीला १९५५ साल आठवले.

जगात रेघा पुसण्याचे दुसरेही मार्ग आहेत. युरोपात मोझेल नदीच्या काठी शेंगेन नावाचे एक लहानसे गाव आहे. तिथे फ्रान्स, जर्मनी आणि लक्झेंबर्ग यांच्या सीमा भेटतात. १९८५ साली तिथे नदीतल्या एका बोटीवर पाच देशांनी करार केला आणि पुढे त्यांच्यामधल्या सीमांवरची तपासणी उठली. कोणाचा देश गेला नाही, कोणाची भाषा गेली नाही, पण कामाला जाणाऱ्या माणसाची वाट मोकळी झाली. आरोंद्यासारख्या गावाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

भाऊसाहेब जिंकले असते तर? लहानपणी मी हा प्रश्न पुष्कळदा विचारला. आज मला वाटते की, दोन प्रदेश एक झाले की नाही, यापेक्षा कुळाला जमीन, मुलाला शाळा आणि आजाऱ्याला औषध मिळाले की नाही, हे अधिक महत्त्वाचे आहे. माझ्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. पलीकडच्या काठावर अशी पहिली मुले घडावीत म्हणून ज्यांनी गावोगाव शाळा काढल्या, त्यांना नकाशा बदलता आला नाही. माणसे मात्र त्यांनी बदलली. पेडण्याच्या या सुपुत्राला अलीकडच्या काठावरून माझे विनम्र अभिवादन!

(द्वितीय वर्ष, कला)