खंड्याची सनद

साताऱ्याजवळ माहुलीला कृष्णा आणि वेण्णा मिळतात. संगमावरची देवळे पाहायला पुष्कळ जण जातात; पण राजघराण्यातल्या समाध्यांच्या त्या परिसरात एका कुत्र्याचीही समाधी आहे, हे अनेकांच्या गावीही नसते. दगडी चौथरा आणि वर दगडी कुत्रा. थोरल्या शाहू महाराजांचा हा खंड्या.

१६८२ साली जन्मलेल्या शाहूंच्या वाट्याला ताटातूट फार लवकर आली. १६८९ साली औरंगजेबाने वडिलांना, संभाजी महाराजांना, ठार केले. त्याच वर्षी रायगड पडला आणि सात वर्षांचे हे पोर आई येसूबाईंसह मोगलांच्या कैदेत गेले. १७०७ साली ते सुटले. आई मात्र ओलीस राहिली. ती परतायला १७१९ साल उजाडले. साताऱ्याच्या गादीवर महाराज चार दशकांहून अधिक काळ होते. १७४९ साली ते गेले, तेव्हा मागे मुलगा नव्हता.

शिकारीत या कुत्र्याने वाघापासून त्यांचा जीव वाचवला, असे सांगतात. महाराजांनी त्याला जहागिरीची सनद दिली, पालखीचा मान दिला. उतारवयात एकदा भरदरबारात त्याला जरीची वस्त्रे आणि दागिने घालून स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली. पुढे स्वतःचे मस्तक त्यांनी कायम उघडेच ठेवले. ग्रँट डफने १८२६ सालच्या आपल्या इतिहासात हे सारे बुद्धिभ्रंशाच्या सदरात टाकले आहे.

मी बँकेत उमेद घालवली. घेतलेले कर्ज नाकबूल करणारे शहाणे तिथे खूप पाहिले. ज्याचे देणे लागतो त्याच्या नावे ते लिहून देणारा माणूस मला वेडा वाटत नाही.

आमचा मोती तेरा वर्षे घरात होता. तो गेला त्या रात्री त्याला परसात आंब्याखाली पुरले आणि सकाळी मी कामावर गेलो. डोळे लाल का, असे शेजारच्या टेबलावरून कुणी विचारले, तेव्हा सर्दी झाल्याचे सांगितले. कुत्र्यासाठी रडलो हे सांगायची लाज वाटली.

मागे माहुलीला गेलो, तेव्हा त्या दगडी पाठीवरून हात फिरवला. जी लाज छत्रपतींना वाटली नाही, ती मी इतकी वर्षे बाळगली होती. घरी आल्यावर नातवाला प्रथमच मोतीविषयी सांगितले.