पेनिसिलिनचा कारखाना आणि रोह्याचे अर्थमंत्री

चिंतामणराव देशमुख म्हटले की रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आठवतात. मुंबईच्या प्रश्नावर मंत्रिपद सोडणारे बाणेदार अर्थमंत्रीही आठवतात. पण ते मुळात विज्ञानाचे विद्यार्थी होते आणि देशातला पहिला सरकारी प्रतिजैविक कारखाना त्यांच्याच कारकिर्दीत उभा राहिला, हे फारसे सांगितले जात नाही.

त्यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी महाडजवळच्या नाते गावी झाला. वडील द्वारकानाथ रोह्यात वकिली करीत, त्यामुळे चिंतामणरावांचे बालपण तिथेच गेले. १९१२ मध्ये ते मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली. पुढे केंब्रिजला मात्र त्यांनी वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र व भूगर्भशास्त्र हे विषय घेतले आणि वनस्पतिशास्त्राचे पारितोषिक पटकावले. आयसीएस परीक्षेतही त्यांचा पहिला क्रमांक होता. १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले.

जून १९५० मध्ये त्यांच्याकडे देशाचे अर्थखाते आले. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते कुलाबा मतदारसंघातून, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातून, लोकसभेवर गेले. तेव्हा पेण, रोहे यांसारख्या गावांत न्यूमोनिया किंवा चिघळलेली जखम जिवावर बेतू शकत असे. त्यावरचे औषध, पेनिसिलिन, जगात उपलब्ध होते. पण ते परदेशातून आणावे लागे आणि त्यासाठी परकीय चलन मोजावे लागे.

पेनिसिलिनचा इतिहास इथे लक्षात घ्यायला हवा. १९२८ मध्ये फ्लेमिंग यांना बुरशीचा गुण दिसला, पण औषध हाती यायला आणखी दीड दशक गेले. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ते शुद्ध केले. मोठ्या प्रमाणावर कसे बनवायचे, याचे बरेचसे काम युद्धकाळात अमेरिकी सरकारच्या कृषी प्रयोगशाळेत झाले. जनतेचा पैसा लागला, अनेक कंपन्या उत्पादनात उतरल्या आणि किंमत झपाट्याने खाली आली.

भारताने हाच धडा घेतला. पुण्याजवळ पिंपरीत कारखाना उभारायचे ठरले. युनिसेफने यंत्रसामग्री दिली, जागतिक आरोग्य संघटनेने तज्ज्ञ दिले आणि बाकीचे भांडवल भारत सरकारने घातले. १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही कंपनी स्थापन झाली आणि १९५५ मध्ये उत्पादन सुरू झाले. हे श्रेय एकट्या देशमुखांचे नव्हे. शास्त्रज्ञ, आरोग्य खाते आणि नियोजनकार यांचा त्यात मोठा वाटा होता. पण देशाच्या तिजोरीची जबाबदारी त्या वर्षांत त्यांच्यावर होती आणि नियोजन आयोगाचेही ते सदस्य होते. अन्नधान्य, धरणे, खत कारखाने अशा मागण्यांची रांग असताना औषधनिर्मितीसाठीही पैसा निघाला. लखनौची केंद्रीय औषध संशोधन संस्थाही १९५१ मध्ये, त्यांच्याच काळात सुरू झाली.

पिंपरीत केवळ इंजेक्शने भरली जात नव्हती. तिथे संशोधन विभाग होता. डॉ. थिरुमलाचार यांनी तिथेच हमायसिन हे बुरशीरोधक औषध शोधून काढले. सरकारी पैशातून निव्वळ माल नव्हे, तर ज्ञानही तयार होते, याचे हे उदाहरण.

जुलै १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर देशमुखांनी राजीनामा दिला. त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष म्हणून विद्यापीठांना सरकारी पैसा पोहोचवण्याचे काम त्यांनी केले. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबाद येथे त्यांचे निधन झाले. त्याच्या आदल्याच वर्षी कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले होते.

पुढे स्वस्त आयातीपुढे देशातले पेनिसिलिनचे मूळ उत्पादन टिकले नाही. २०२० मध्ये केंद्राने औषधांच्या कच्च्या मालासाठी ६,९४० कोटींची प्रोत्साहन योजना आणली आणि तिच्या यादीत पेनिसिलिन-जी होते. म्हणजे तिजोरी पुन्हा उघडली आहे. फरक एवढाच की पिंपरीचा कारखाना जनतेच्या मालकीचा होता, तर आताचे अनुदान प्रामुख्याने खासगी कंपन्यांना मिळते. अशा वेळी करदात्याच्या पैशातून बनलेले औषध रोह्याच्या दुकानात त्याला परवडेल अशा किमतीला मिळेल का, हे अनुदानाच्या अटींतच लिहून घेणे अधिक गरजेचे ठरते.