हँबर्गचे त्वचावैद्य डॉ. उन्ना

इसब हा लहान मुलांना फार छळणारा रोग आहे. गालांवर, कोपराच्या आणि गुडघ्याच्या खाचेत लाल चट्टे उठतात. मूल रात्रभर खाजवते व घरात कोणालाच झोप लागत नाही. या रोगाचा पुष्कळ वर्षे अभ्यास करणाऱ्या एका जर्मन डॉक्टरांची ओळख आज आम्ही वाचकांना करून देत आहोत.

पाउल गेर्सोन उन्ना यांचा जन्म ८ सप्टेंबर १८५० रोजी जर्मनीतील हँबर्ग या बंदराच्या शहरी एका ज्यू कुटुंबात झाला. वडीलही डॉक्टर होते. १८७० साली फ्रान्सशी युद्ध पेटले तेव्हा तरुण उन्ना शिक्षण सोडून सैन्यात गेले व गंभीर जखमी झाले. बरे झाल्यावर त्यांनी शिक्षण पुरे केले. स्ट्रासबुर्ग येथे पदवीसाठी त्यांनी विषय निवडला तो त्वचेच्या अगदी वरच्या थराचा. नंतर व्हिएन्ना येथे हेब्रा आणि कापोसी या नामवंत गुरूंकडे ते शिकले.

१८८१ साली त्यांनी हँबर्गमध्ये त्वचारोगांचा स्वतःचा दवाखाना उघडला. १८९४ साली त्वचारोगांवरील त्यांचा मोठा ग्रंथ निघाला. औषधे तयार करण्याच्या कामी ते औषधविक्रेते बायर्सडोर्फ यांना सल्ला देत. पुढे लिफशुट्झ या रसायनतज्ज्ञाने मेंढीच्या लोकरीतील चरबीपासून तेल व पाणी एकजीव करणारा पदार्थ काढला. तो मलमासाठी उत्तम आहे हे उन्नांनी ओळखले आणि बायर्सडोर्फ कंपनीचे त्या वेळचे मालक ट्रोप्लोविट्झ यांची व लिफशुट्झची गाठ घालून दिली. त्यातूनच १९११ साली निव्हिया क्रीम जन्मले. त्या निळ्या डबीमागे उन्ना आहेत, हे किती जणांना ठाऊक असेल?

एवढा मोठा विद्वान, पण एका गोष्टीत चुकला. इसब जंतूंमुळे होतो असे उन्नांचे मत होते. इतर डॉक्टरांनी त्याला विरोध केला आणि पुढे ते मत मागे पडले. जंतू येतात, पण बहुधा आधीच दुबळ्या झालेल्या त्वचेवर. २००६ साली शास्त्रज्ञांना आढळले की इसब असलेल्या अनेक मुलांच्या त्वचेत वरचा थर मजबूत करणारे एक प्रथिन जन्मतःच कमी असते. म्हणजे ज्या थरापासून उन्नांनी अभ्यास सुरू केला, तिथेच उत्तराचा मोठा भाग दडला होता!

उन्ना १९१९ साली हँबर्ग विद्यापीठात त्वचारोगांचे सन्माननीय प्राध्यापक झाले. २९ जानेवारी १९२९ रोजी त्यांचे निधन झाले.

पालकहो, या चरित्रातून काय घ्यावे? इसब संसर्गजन्य नाही. आपल्या मॉरिशसमध्ये अशा मुलाशेजारी बाकावर बसायला इतर मुले कचरतात, हे आम्ही वर्गात पाहिले आहे. त्या मुलाला खाजेपेक्षा हे अधिक लागते. आंघोळ कोमट पाण्याने व थोडक्यात घालावी, साबण सौम्य असावा. अंग हलकेच टिपून लगेच साधे, बिनवासाचे मलम भरपूर लावावे. कपडे सुती असावेत, नखे कापलेली असावीत. चट्टे भडकले तर डॉक्टरांनी दिलेले औषध त्यांनी सांगितले तितकेच दिवस लावावे. पू किंवा ताप आल्यास त्यांच्याकडे जाण्यास उशीर करू नये.

आणि मुलाला जवळ घ्यावे. त्याच्या अंगाला हात लावल्याने कोणालाही इसब होत नाही.