बंदुकीने जुळविलेली एकी

स्वतंत्र लेबाननमध्ये १९४३ च्या अलिखित कराराने राष्ट्राध्यक्षपद मॅरोनाइट ख्रिस्ती समाजाकडे ठेवले होते. हे वर्चस्व टिकवू पाहणाऱ्या पक्षांत सर्वांत संघटित म्हणजे १९३६ साली स्थापन झालेला फलांज पक्ष. त्याचे संस्थापक पिएर जमायेल यांच्या घरी १९४७ साली बशीर यांचा जन्म झाला. त्यांचे शिक्षण कायद्याचे; परंतु एप्रिल १९७५ मध्ये यादवी पेटली आणि कायद्याची जागा बंदुकीने घेतली.

१९७६ मध्ये फलांज, कामिल शमून यांचा नॅशनल लिबरल पक्ष आदी उजव्या गटांनी लेबानीज आघाडी उभारली. या गटांच्या सशस्त्र पथकांचे संयुक्त दल, लेबानीज फोर्सेस, बशीर यांच्या हाती आले. पॅलेस्टिनी संघटना व पुढे सीरियाचे सैन्य यांच्याशी लढायचे, तर ख्रिस्ती समाजाची बंदूक एकच असली पाहिजे, ही त्यांची धारणा होती.

ती एकी कशी साधली? सीरियाच्या प्रश्नावरून फ्रांजिये घराणे आघाडीतून फुटले. जून १९७८ मध्ये फलांजच्या तुकडीने एहदेन येथे टोनी फ्रांजिये, त्यांची पत्नी व चिमुकली कन्या यांना ठार केले. फेब्रुवारी १९८० मध्ये बशीर यांच्यासाठी पेरलेल्या बाँबने त्यांच्याच दीड वर्षाच्या मायाचा बळी घेतला. पुत्रीशोकानेही हात थांबला नाही. त्याच जुलैत सफ्रा येथे शमून यांचे ‘टायगर्स’ पथक रक्तपात करून मोडण्यात आले.

२३ ऑगस्ट १९८२ रोजी, इस्रायली फौजा देशात असताना आणि अनेक मुस्लिम सभासदांनी बहिष्कार घातला असताना, संसदेने बशीर यांना राष्ट्राध्यक्ष निवडले. आता ते सर्व लेबाननच्या ऐक्याची भाषा बोलू लागले होते. परंतु शपथविधीपूर्वीच, १४ सप्टेंबरला, बैरूतमधील पक्षकचेरीत झालेल्या स्फोटात चौतिसाव्या वर्षी त्यांचा अंत झाला. स्फोट घडविणारा हबीब शर्तूनी हा विरोधी पक्षाचा, पण जन्माने मॅरोनाइटच होता. सूड मात्र उगवला गेला तो साब्रा व शातिलाच्या निःशस्त्र रहिवाशांवर. इस्रायली सैन्याने वेढलेल्या त्या वस्तीत फलांजच्या सशस्त्र लोकांनी शेकडोंची कत्तल केली.

बंदुकीने समाज जुळविता येतो. राज्य मात्र परस्परविश्वासावाचून उभे राहत नाही, आणि तो जुळलेला समाजही फार काळ जुळलेला राहत नाही. १९८९ च्या ताइफ कराराने राष्ट्राध्यक्षांचे अधिकार घटविले. पुढच्याच वर्षी जनरल मिशेल औन यांचे सैन्य आणि लेबानीज फोर्सेस ख्रिस्ती मुलखातच एकमेकांवर तोफा डागीत होते.