मेजर थॉमस कँडी आणि मराठी वाक्याची सीमा

एकोणिसाव्या शतकातील मराठी गद्याच्या जडणघडणीचा विचार करताना मेजर थॉमस कँडी यांचे नाव कोशकार आणि क्रमिक पुस्तकांचे संशोधक म्हणून घेतले जाते. वाक्य कोठे संपते हे कागदावर दाखविण्याची शिस्त मराठीत रूढ करण्याचे त्यांचे कार्य मात्र विरामचिन्हांचे प्रवर्तक एवढ्या एका विशेषणात आटोपले जाते.

कँडी यांचा जन्म १३ डिसेंबर १८०४ रोजी इंग्लंडमधील ईस्ट नॉयल येथे झाला. ऑक्सफर्डच्या मॅग्डालेन कॉलेजात शिक्षण घेऊन १८२२ साली ते हिंदुस्थानात आले व लष्करी सेवेत रुजू झाले. मोल्सवर्थ यांच्या १८३१ च्या मराठी-इंग्रजी कोशाला त्यांनी आणि त्यांचे जुळे बंधू जॉर्ज यांनी साहाय्य केले. १८३७ मध्ये पुण्याच्या संस्कृत पाठशाळेची देखरेख त्यांच्याकडे आली. मोल्सवर्थ स्वदेशी परतल्यामुळे अपुरा राहिलेला इंग्रजी-मराठी कोश त्यांनी १८४७ मध्ये सिद्धीस नेला.

दोन भाषांची वाक्ये अशी रोज समोरासमोर ठेवणाऱ्या माणसाला त्यांतील भेद जाणवल्याशिवाय राहणे शक्य नव्हते. मोडी लेखनात आधी ओळभर रेघ ओढून तिच्याखाली अक्षरे लिहीत. शब्दही सुटे नसत, मग वाक्ये कोठून सुटी असणार? वाक्याचा शेत क्रियापदावरून वाचणाऱ्याने ओळखावयाचा. इंग्रजीत मात्र दोन स्वतंत्र वाक्ये नुसती एकापुढे एक ठेवणे किंवा केवळ स्वल्पविरामाने सांधणे हा दोष मानला जातो. पूर्णविराम देऊन ती वेगळी करावी, अर्धविराम घालावा, उभयान्वयी अव्यय योजावे, अथवा एकाला दुसऱ्याचे गौण वाक्य करावे, हे त्यावरील उपाय होत.

१८५० मध्ये कँडी यांनी ‘विरामचिन्हांची परिभाषा’ ही पुस्तिका प्रसिद्ध केली. चिन्हे इंग्रजीतून आली, तरी वाक्याचा सांगाडा मराठीचाच राहिला, ही गोष्ट येथे लक्षात घेतली पाहिजे. उठून, आंघोळ करून, जेवून तो कचेरीत गेला, या वाक्यात कृती चार असल्या तरी पूर्ण क्रियापद एकच आहे. म्हणून लांबी वाढली तरी ते एकच वाक्य ठरते. उलट पाऊस आला, आम्ही घरी गेलो, यात पूर्ण क्रियापदे दोन आहेत. इंग्रजीच्या नियमाने हा सांधा सदोष, पण मराठी कानाला तो खटकत नाही. तेव्हा दोष लांबीत नसून सांध्यात असतो, आणि सांध्याचे नियम प्रत्येक भाषेचे वेगळे असतात.

या प्रश्नाला व्यावहारिक बाजूही होती. क्रमिक पुस्तके तपासणे आणि सरकारी कायद्यांचे मराठी भाषांतर करणे ही कामे कँडी यांच्याकडे होती. कायद्याच्या कलमात एखादी अट मागच्या वाक्याची की पुढच्या, यावर माणसाचा हक्क किंवा शिक्षा अवलंबून राहते. तेथे अर्थ वाचणाऱ्याच्या अंदाजावर सोडणे परवडणारे नव्हते.

त्यांच्या देखरेखीखाली घडलेल्या सरकारी मराठीला पुढे कँडीशाही असे उपहासाने म्हटले गेले. परकी वळणाची आणि एकसुरी भाषा हा तीवरील आक्षेप निराधार नव्हता. नियमाचा अंमल अधिकाऱ्याच्या हाती गेला की लेखकाची लय आखडते. परंतु पुढच्या काळातील लेखकांनी कँडीशाही नाकारली तरी विरामचिन्हे टाकली नाहीत. ती शैलीची मक्तेदारी नव्हे, वाचकाची सोय आहे, हे त्यांना पटले होते.

२६ फेब्रुवारी १८७७ रोजी महाबळेश्वर येथे कँडी यांचे निधन झाले. परभाषेची चिन्हे स्वीकारताना तिचे वाक्यबंधही स्वीकारावेत काय, हा त्यांच्या कार्याने पुढे आणलेला प्रश्न मराठी गद्याच्या अभ्यासकाला टाळता येत नाही. चिन्ह वाक्याची सीमा दाखविते. ती सीमा कोठे असावी हे ठरविण्याचा अधिकार मात्र भाषेच्या स्वतःच्या व्याकरणाचाच असतो.