हार्वे हबेल : ज्यांच्यामुळे प्लग घट्ट बसतो आणि सहज निघतो



वर्गात विजेचा पाठ आला की आपण एडिसनची गोष्ट हमखास सांगतो. ती सांगायलाच हवी. पण बल्ब लागला म्हणजे सगळं झालं असं नाही. मिक्सर, पंखा, इस्त्री, मोबाईलचा चार्जर या वस्तू विजेला जोडायच्या कशा आणि काढायच्या कशा, हा वेगळाच प्रश्न होता. तो सोडवणाऱ्या माणसाचं नाव पाठात फारसं येत नाही. त्याने केलेल्या वस्तूचे वंशज मात्र आपण रोज हाताळतो. म्हणून आज हार्वे हबेल यांची ओळख करून घेऊ.

गोष्ट सुरू करण्याआधी मुलांना एक प्रश्न विचारून बघा. सॉकेटमध्ये उघड्या वायरी खोचून वर काडेपेटीच्या काड्या ठोकलेल्या कुणी कुणी पाहिल्या आहेत? भोर-वेल्ह्याकडच्या शाळेत बरेच हात वर होतील. भाताच्या मळणीला यंत्र लावताना, विहिरीवरची मोटर चालू करताना, गणपतीच्या आराशीला माळ जोडताना हा उद्योग आपल्याकडे चालतो. आपल्याला त्याचं काही वाटेनासं झालंय. पण पावसाळ्यात भिंतींना ओल असते, हात ओले असतात, आणि समोर 230 व्होल्टची उघडी तार असते. हे लक्षात ठेवून पुढची गोष्ट वाचा.

हबेल यांचा जन्म 1857 सालचा, म्हणजे आपल्याकडे उठाव झाला त्या वर्षीचा. 1888 मध्ये त्यांनी अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात, ब्रिजपोर्ट या गावी स्वतःचा छोटा कारखाना काढला. सुरुवातीला विजेशी त्यांचा संबंध नव्हता. दुकानात सामान बांधायला कागदाचं भेंडोळं लागायचं. ते ठेवायचा आणि हवा तेवढा कागद फाडून घ्यायचा दातेरी पात्याचा स्टँड ते बनवत. आज साधी वाटणारी ही वस्तू त्या काळी दुकानदारांना फार उपयोगी पडली. माणसाचा हात कुठे अडतो ते बघायचं आणि तिथेच सोय करायची, ही त्यांची सवय इथूनच दिसते.

मग घरोघर वीज येऊ लागली. तेव्हा दिव्याचा स्विच बहुतेक वेळा होल्डरवरच असे. दिवा वर टांगलेला, म्हणजे अंधारात हात वर करून चाचपडत चावी शोधायची. हबेल यांनी होल्डरलाच एक साखळी जोडली. खाली लोंबणारी साखळी ओढली की दिवा लागे, परत ओढली की विझे. 1896 मध्ये त्यांना याचं पेटंट मिळालं.

आता आपल्या विषयाकडे येऊ. त्या काळच्या घरांत वायरिंग असे ते फक्त दिव्यांपुरतं. भिंतीत आजच्यासारखे सॉकेट नव्हते. पंखा किंवा इस्त्री लावायची तर दिव्याच्या होल्डरमधला बल्ब काढायचा आणि त्याच जागी वस्तूचं टोक आटे फिरवत बसवायचं. टोक फिरवताना सोबत वायरही पिळली जायची. काही वस्तूंच्या तारा तर थेट भिंतीतून आलेल्या तारांना गुंडाळलेल्या असत. कुठली तार कुठे जोडायची हे चुकलं की शॉर्ट सर्किट ठरलेलं.

एक गोष्ट अशी सांगितली जाते, की हबेल एकदा न्यूयॉर्कमध्ये नाणं टाकून खेळायच्या यंत्रांच्या दालनापाशी गेले होते. तिथला सफाई कामगार झाडण्यासाठी यंत्रं हलवत होता. दर वेळी तो तारा सोडवायचा, आणि झाडून झालं की कुठली तार कुठली हे आठवून पुन्हा जोडायचा. रोजचंच काम, रोजचाच धोका. ते पाहून हबेल विचारात पडले. गोष्टीतला तपशील कितपत खरा ते बाजूला ठेवू. अडचण मात्र शंभर टक्के खरी होती.

1904 मध्ये त्यांनी उत्तर शोधलं आणि पेटंट घेतलं. त्यांनी जोडणीचे दोन भाग केले. एक भाग दिव्याच्या होल्डरमध्ये आटे फिरवून बसवायचा आणि तिथेच राहू द्यायचा. दुसरा भाग वस्तूच्या वायरीला कायमचा जोडलेला. दुसऱ्या भागाच्या पिना पहिल्या भागाच्या भोकांत सरळ सारायच्या आणि काम झालं की सरळ ओढून काढायच्या. आटे फिरवणं नको, वायर पिळणं नको, उघड्या तारेला हात लावणं नको.

इथे वर्गात थोडं थांबा. सहज निघणारी वस्तू सहज निसटूही शकते, हे मुलांच्या लक्षात आणून द्या. हबेल यांच्या ते लक्षात आलं होतं. म्हणून त्यांनी पिनांना खाच ठेवली आणि आतल्या पितळी स्प्रिंगा त्या खाचेत अडकतील अशी रचना केली. पिन आत गेली की स्प्रिंग तिला पकडते आणि मुद्दाम ओढलं तरच सोडते. आपल्या जुन्या घरांच्या दाराला कडी-कोयंडा असतो ना, तसंच हे. वाऱ्याने दार उघडू नये, पण घरच्या माणसाला उघडता यावं. चांगल्या जोडणीत या दोन्ही गोष्टी लागतात. एक असून दुसरी नसेल तर ती जोडणी कामाची नाही.

पकड ढिली असली तर काय होतं? पिन आणि स्प्रिंग नीट टेकत नाहीत. जिथे टेकतात ती जागा लहान, म्हणून तिथे विजेला रोध वाढतो आणि ती जागा तापते. तापून तापून स्प्रिंगेचा ताण जातो आणि पकड आणखी ढिली होते. मग ठिणग्या, काळा पडलेला प्लग, जळका वास. काड्या खोचलेल्या वायरीचं हेच होतं, फक्त फार लवकर.

1905 मध्ये हबेल यांनी कारखान्याची रीतसर कंपनी केली. पुढच्या काही वर्षांत त्यांच्या प्लगला गोल पिनांऐवजी चपट्या पट्ट्या आल्या. अमेरिकेत आज दिसणारा दोन चपट्या पट्ट्यांचा प्लग त्याच वाटेने आला. 1927 च्या डिसेंबरात हबेल वारले. त्याच सुमारास आपल्याकडे वेळवंडी नदीवर भाटघरचं आजचं धरण पूर्ण होत होतं. मुलांना काळाचा अंदाज यायला ही जोडी बरी पडते.

त्यांच्यामागे त्यांच्या मुलाने, म्हणजे तिसऱ्या हार्वे हबेलने, कारखाना पुढे नेला. 1938 मध्ये त्याने फिरवून अडकवायचा प्लग आणला. याच्या पट्ट्या वक्र असतात. आत सारून थोडं फिरवलं की त्या अडकतात. मग वायरीला कुणाचा पाय अडकला, यंत्र थरथरलं, तरी प्लग निघत नाही. उलट फिरवलं की मोकळा. कारखाने, नाटकांचे रंगमंच, जनरेटर अशा ठिकाणी असे प्लग अजून वापरतात.

ही युक्ती मुलांना परकी नाही. आपल्याकडचा बल्ब होल्डरमध्ये कसा बसतो ते आठवा. दाबायचा आणि फिरवायचा. बल्बच्या दोन बाजूंची बोंडं होल्डरच्या वळणदार खाचेत जातात, आणि आतली स्प्रिंग बल्बला बाहेर ढकलत राहते म्हणून तो खाचेतून सुटत नाही. अडकवून ठेवणारी जोडणी आपल्या डोक्यावरच लटकलेली असते.

आता उपक्रम. एक जुना, वायर नसलेला तीन पिनांचा प्लग वर्गात न्या. मोठी पिन बाकी दोघींपेक्षा जाड आणि लांब का, ते मुलांना विचारा. जाड असल्याने ती चुकीच्या भोकात जात नाही. लांब असल्याने आत जाताना अर्थिंग सगळ्यात आधी जोडलं जातं आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटतं. काही प्लगच्या पिनांना मधोमध चीर असते, तीही दाखवा. त्या चिरेमुळे पिन स्प्रिंगेसारखी ताणून बसते. विजेला जोडलेल्या कुठल्याही सॉकेटवर हा प्रयोग करू नका.

आणि पालकहो, एक काम तुमच्यासाठी. आज घरातला प्रत्येक प्लग एकदा नीट बघा. कुठला हलतोय? कुठला काळा पडलाय? कुठे काड्या खोचल्यात? मेन स्विच बंद करून जाणकार वायरमनकडून तेवढं बदलून घ्या. प्लग काढताना वायर न ओढता प्लगलाच धरायची सवय मुलांना लावा, आणि आधी स्वतःला.

हबेल यांच्या आयुष्यातून आपण शिक्षकांनी घ्यावी अशी गोष्ट मला वाटते ती ही. सफाई कामगाराने तारा चुकवल्या असत्या तर त्याला हलगर्जी ठरवणं सोपं होतं. हबेल यांनी माणसाला दोष दिला नाही, वस्तू बदलली. वर्गातलं एखादं मूल रोज त्याच ठिकाणी चुकत असेल, तर त्याला रागवण्याआधी आपण शिकवण्यात काय बदलता येईल ते बघू या.