जहाजाच्या कुशीवरची रेघ

एका वस्तुसंग्रहालयात मी मालवाहू जहाजाची चालती प्रतिकृती पाहिली. बटण दाबले की याऱ्या वळत, मागचा पंखा फिरे. बरोबरची मंडळी याऱ्यांत रमली. माझी नजर मात्र जहाजाच्या कुशीवर रंगवलेल्या एका वर्तुळावर आणि त्याला छेदणाऱ्या आडव्या रेघेवर खिळली. ही रेघ ज्याच्या नावाने ओळखली जाते तो सॅम्युअल प्लिमसॉल ना खलाशी होता, ना जहाजबांधणीतला जाणकार. तो होता कोळशाचा व्यापारी!

१८२४ साली ब्रिस्टल येथे त्याचा जन्म झाला. लंडनला येऊन त्याने कोळशाचा धंदा मांडला आणि त्यात तो पार बुडाला. काही काळ त्याला गोरगरिबांच्या वस्तीत दिवस काढावे लागले. पुढे बरे दिवस आले, तरी ती वस्ती तो विसरला नाही. १८६८ साली डर्बीहून तो पार्लमेंटात गेला.

त्या काळी काही जहाजमालक जुनाट, कुजकी जहाजे काठोकाठ भरून समुद्रात लोटीत. विमा भरभक्कम असे. जहाज पोचले तर नफा, बुडाले तर विम्याचे पैसे. बुडत तो फक्त खलाशी. आणि करार केल्यावर अशा जहाजावर चढायला नकार दिला, तर त्याच्या नशिबी तुरुंग! भाराची मर्यादा ठरवावी ही कल्पना मूळची प्लिमसॉलची नव्हे; जेम्स हॉल नावाच्या एका जहाजमालकानेच ती आधी मांडली होती. पण ती घरोघर पोचवली प्लिमसॉलने. १८७३ साली त्याने खलाशांच्या हालांवर पुस्तक लिहिले. त्यात चुका होत्या, बदनामीचा खटलाही झाला. तरी देश हलला.

जुलै १८७५ मध्ये पंतप्रधान डिझरायली यांनी जहाजांसंबंधीचे विधेयक बाजूला ठेवले. प्लिमसॉलचा तोल सुटला. भर सभागृहात मूठ उगारून त्याने जहाजमालक सभासदांना दुष्ट ठरवले. पुढे त्याला माफी मागावी लागली, पण लोकमत त्याच्या बाजूने उसळले आणि सरकारला घाईने तात्पुरता कायदा करावा लागला. १८७६ साली रेघ सक्तीची झाली. गंमत अशी, की ती कुठे काढायची हे मालकांवरच सोपवले होते! एका कप्तानाने ती धुरांड्यावर काढली असे सांगतात. तिची जागा कायद्याने ठरायला १८९० साल उजाडले.

वर्तुळाशेजारी शिडीसारख्या आणखी रेघा असतात. गोडे पाणी खाऱ्यापेक्षा हलके, म्हणून त्यात जहाज अधिक बुडते. त्याची रेघ वर. हिवाळ्यात समुद्र खवळलेला, म्हणून तेव्हाची रेघ खाली.

१८९८ साली प्लिमसॉल वारला. आंतरराष्ट्रीय करार त्यानंतर ३२ वर्षांनी, १९३० साली झाला. मुरगाव बंदरात खनिज भरणारे जहाज मी पुढे पाहिले, तेव्हा याऱ्यांकडे माझे लक्षच गेले नाही. माल चढत होता आणि पाणी त्या रेघेकडे इंचाइंचाने सरकत होते.